सेल बसत नाही म्हणजे काय

३ नोव्हेंबर, जेवणानंतर
दीपालीच्या कंपनीत ओव्हरटाइम सुरू. औषधांच्या पॅकिंगला सीझन असतो म्हणे. आता पाचऐवजी सातला बस येणार. बस नाक्यावर सोडते आणि नाक्यापासून आमच्या चाळीपर्यंत खांबावरचा एक दिवा पेटेल तर शपथ. त्यात गटारावरची एक लादी गायब. दीपाली म्हणाली, अहो, येताना अंधार असतो, भीती वाटते, तुम्ही... पुढचं ऐकायची गरज पडली नाही. बावीस वर्षं मेंटेनन्सला फिटर आहे, ब्रेकडाउन अर्ध्या वाक्यात कळतो. म्हटलं, सोय करतो. ती ताटं उचलायला लागली. खूश झाली असावी.
टॉर्च घ्यायचा. बाजारातला प्लास्टिकचा नाही. इथे पेटवला तर तिकडे नवापूरच्या किनाऱ्यावरच्या होड्यांनी वळून बघितलं पाहिजे.

८ नोव्हेंबर
टॉर्च आला. ऑनलाइन. अॅल्युमिनियमची बॉडी, हातात घेतला की वजन कळतं. आत सेल नाही. १८६५० नावाचा लिथियम सेल लागतो, तो वेगळा घ्यायचा. आमची स्वरा बारावीला आहे, म्हणून तिला सगळं कळतं. ती म्हणाली, पप्पा, पेजवर स्पष्ट लिहिलं होतं. लिहिलेलं वाचत बसायला मी काय वकील आहे? अठरा मिलिमीटर जाड, पासष्ट मिलिमीटर लांब. नावातच माप. फिटर माणसाला अजून काय पाहिजे.

९ नोव्हेंबर
स्टेशनजवळच्या चंद्रभानच्या दुकानात गेलो. काही सेलवर क्षमता तीन हजार एमएएच लिहिलेली, एकावर चक्क ९९००. आकडा मोठा तो सेल मोठा, अक्कल लागत नाही. चंद्रभान म्हणाला, भाईसाब, इसके ऊपर कुछ आता ही नहीं. घेतला. चार्जिंगला लावलाय. उद्या दीपालीला चकित करणार.

१० नोव्हेंबर, संध्याकाळी
पेटला. भिंत पांढरी झाली. पाच मिनिटांत पिवळी, दहा मिनिटांत विझत्या उदबत्तीएवढा ठिपका. दीपाली अजून यायची होती. स्वराने मोबाईलवर बघून सांगितलं की या मापाचा सेल साडेतीन हजाराच्या फार वर जातच नाही, ९९०० नुसतं छापलेलं असतं. हातात तोलून बघितला तर सेल खरंच हलका. पोकळ भोपळा. चंद्रभानला जाब विचारला, तर म्हणतो, लिखा है तो होगा ना. लोकांना फसवायला लाज कशी वाटत नाही.
शेजारची हेतल दीपालीच्याच लाइनवर काम करते. तिचा नवरा मेहुल रोज सातला नाक्यावर जाऊन उभा राहतो. हातात काही नाही. खिशात मोबाईल. बायकोची वाट बघत नुसता उभा. काही लोकांना उद्योगच नसतो. मी इथे फर्स्ट शिफ्ट करून साडेतीनला घरी आल्यापासून मान मोडून बसलोय.

२१ नोव्हेंबर
आमच्या प्लांटचा हेल्पर विश्राम नवापूरचा. भंगारातल्या लॅपटॉपमधून काढलेले दोन सेल घेऊन आला. म्हणाला, दादा, जुने हाय, पन असली हाय. एकेक करून लावून बघितले. साध्या उजेडाला उत्तम. फुल पॉवरला टाकला की झप्प बंद. म्हाताऱ्या सेलला तेवढा करंट झेपत नाही. पण मला फुल पॉवरच पाहिजे. अर्धवट काम मी आयुष्यात केलेलं नाही.
विश्राम म्हणाला, तुमी सरळ नाक्यावर जाऊन उबे रा ना. आमच्यात होडी यायची वेळ झाली की बायका किनाऱ्यावर जाऊन उब्या रातात, घरात बत्ती पुसत कोन बसत नाय. म्हटलं, बाबा रे, मासेमारी वेगळी आणि इलेक्ट्रिकल वेगळं. मान हलवत गेला. समजलं नसणार.

२९ नोव्हेंबर
आता तडजोड नाही. नामी कंपनीचा सेल मागवला, प्रोटेक्शन सर्किटवाला. आला तर काय, त्या सर्किटपायी चार-पाच मिलिमीटर जास्त लांब. टॉर्चचं झाकण लागेना. स्वरा म्हणाली, परत पाठवा. परत? बसत नाही म्हणजे काय? बसत नसेल तर बसवायचा, यावरच अख्खी एमआयडीसी चाललीय. पकडीने स्प्रिंगचे दोन वेढे तोडले, झाकण पान्याने आवळलं. बसला. पेटला. असा उजेड की चाळीतली कुत्री उठली.
दीपाली आल्यावर दाखवायला घेतला तर बंद. उघडून बघितलं, आवळण्यात सेलचं बूड चेपलं होतं. सर्किट गेलं. हल्ली मालाला दणकटपणा नाही.

५ डिसेंबर
दीपालीचा पाय त्या लादीच्या जागी मुरगळला. बाकी दोघांच्या पुढे चालताना ती रिक्षाला बाजू देत होती म्हणे. मेहुल आणि हेतलने दोन्हीकडून धरून घरी आणलं. घोटा टम्म सुजलेला. मला फार वाईट वाटलं, बघवेना. तिला समजावून सांगितलं की माझं म्हणणं हेच होतं, योग्य सेल मिळाला असता तर हे झालंच नसतं. ती बाम चोळत होती. वर न बघता म्हणाली, हो का.
मेहुलला चहा दिला. द्यावा लागला.

१२ डिसेंबर
अखेर बरोब्बर पासष्टचा सेल मिळाला. नवा, असली, फुल पॉवर झेपणारा. टॉर्चमध्ये टाकला तर आत खुळखुळतो. आता स्प्रिंगच पोहोचत नाही. स्प्रिंग कुणी तोडली ते स्वराने मोठ्याने बोलून दाखवायची गरज नव्हती. चॉकलेटच्या चांदीची घडी करून मागे कोंबली. पेटला. टेबलावर तासभर चालला. हलवला की मिचमिचतो, पण टॉर्च हलवायचा कशाला?

१८ डिसेंबर, सकाळी
मेहुल आणि हेतल लग्नाला वलसाडला गेले. म्हणजे आज दीपाली एकटी. निघताना दारात जरा थांबली, माझ्याकडे बघितलं आणि गेली. ठरवलं. आज मी स्वतः टॉर्च घेऊन जाणार. नाक्यावर लोकांनाही कळू दे.

१९ डिसेंबर, दुपारी, पडूनच
लिहावंसं वाटत नाही, पण लिहितो.
बस आली. दीपाली उतरली, मला बघितलं आणि तिचा चेहरा असा काही उजळला की कित्येक वर्षांत मी तो तसा बघितला नव्हता. आलात? एवढंच म्हणाली. मी फुल पॉवर तिच्या तोंडावर मारून दाखवली. डोळ्यांवर हात धरून म्हणाली, बास, कळलं, चला. चालायला लागलो तशी चांदी सरकली. पावलागणिक टॉर्च मिचमिचायला लागला. दोनदा थापटला. तिसऱ्यांदा मिट्ट काळोख. ती म्हणाली, राहू दे, हात द्या माझ्या हातात. म्हटलं, एक मिनिट, तू नुसती उभी राहा. झाकण आवळायला एक पाऊल मागे सरलो आणि गटारात गेलो. त्याच लादीच्या जागी. तिने मोबाईल पेटवला आणि दंडाला धरून मला बाहेर काढलं.
दवाखान्यात जाताना रिक्षात म्हटलं, चुकलं, सेल नीट निवडायला हवा होता. ती माझी चप्पल पुसत होती. म्हणाली, टॉर्च कुणी मागितला होता? त्या दिवशी मी म्हणत होते, तुम्ही नाक्यापर्यंत या. तुम्ही वाक्य संपू कुठे दिलंत.
दवाखान्याच्या पायरीवर मी हात तिच्या हातात दिला.
माझ्या घोट्याला फ्रॅक्चर आहे.

२४ डिसेंबर, संध्याकाळी
प्लास्टर जानेवारीअखेरपर्यंत. ते निघालं की रोज सातला नाक्यावर जायचं पक्कं ठरवलं होतं. दीपालीने आज सांगितलं की ओव्हरटाइम या महिन्यातच संपतोय.
स्वराला सांगून दारात खुर्ची टाकून घेतली. सातनंतर गल्लीच्या तोंडाशी मेहुलच्या मोबाईलचा उजेड दिसला. तिघं काहीतरी बोलत हसत येत होती. दीपाली म्हणाली, बाहेर कशाला बसलात, डास फोडून काढतील. म्हटलं, सहज. पिशवी माझ्या मांडीवर ठेवून ती आत गेली.
उद्या खुर्ची त्या लादीपर्यंत नेता येते का, स्वराला विचारणार. नाका तेवढाच जवळ.