दादाच्या मापाचं धनुष्य

रविवार संध्याकाळ, दिलसुखनगर

आजही कागद डावीकडेच फाटला. कॅनडाला जाताना दादा त्याचं कंपाउंड धनुष्य मला देऊन गेला, तेव्हापासून हेच. जवळून कागदावर बाण मारला की गोल भोक पडायला हवं. माझा बाण शेपटी झटकतच जातो. बाण टेकतो ती पट्टी किती वेळा सरकवली मी! शेवटी आज मैदानावर शिकवणाऱ्या सलमाआपा म्हणाल्या, "पट्टी को नक्को छेड़ बेटा. कमान लंबे हाथ की है, डोरी तेरे गाल में घुसरी."

म्हणजे धनुष्याची ओढ, दोरी मागे येते ती लांबी, अजून दादाच्या हाताची. पाना फिरवला की माझ्या मापाची होईल. घरी येऊन पाना हातात घेतलाही. पण मग त्याच्या हाताचं काय उरेल इथे? मूर्खपणा आहे, कळतंय. पाना पेटीत ठेवला. फाटू दे उद्याही डावीकडेच.