मेडिकलच्या दिवशीची जिलेबी

अण्णा,

तुमच्या धाकट्यानं आज जिलेबी आणली. कंपनीच्या वार्षिक मेडिकलमध्ये पास झाला म्हणून. पुडा ओट्यावर ठेवला आणि अगदी तुमच्यासारखा, बूटसुद्धा न काढता ओरडला, "ताई, फिट!" आतल्या खोलीत आईनं टीव्हीचा आवाज बंद केला. ती बाहेर काही आली नाही.

सांगवीच्या त्या अरुंद स्वयंपाकघरात तुमची जिलेबी यायची तेव्हा आम्ही नाचायचो. मेडिकलचा आठवडा म्हणजे आपल्याकडे गोळ्यांचा हंगाम. एरवी वर्षभर प्रेशरच्या गोळ्यांची पट्टी चहाच्या डब्यामागे पडलेली असे, त्या आठवड्यात मात्र ती पुढे यायची. चाकणच्या कारखान्यात तुम्ही क्रेन चालवायचा. प्रेशर जास्त निघालं तर केबिनमधून खाली उतरवतील आणि झाडलोटीला लावतील, ही धास्ती तुमच्या खात्यातल्या सगळ्यांनाच. म्हणून सगळेच तेवढ्यापुरत्या गोळ्या घेत. ज्याच्याकडे नसेल त्याला शेजारचा आपली देई, तंबाखूची चिमूट द्यावी तशी. एका वर्षी तर मेडिकलच्या सकाळी तुम्ही दोन एकदम घेतल्यात आणि कंपनीच्या बसमध्ये चढताना तुमचा तोल गेला. मागच्यानं धरलं म्हणून वाचलात. तोही किस्सा तुम्ही जिलेबी खाता खाता हसत सांगितलात, आणि आम्हीही हसलो.

आई म्हणायची, "अवो, रोजची हाय ना ती गोळी? मग रोज घ्या की."

"मला काय धाड भरलीय? नॉर्मल आलंय, आता कशाला?"

मी एकदा चहाच्या बशीत गोळी ठेवली तर केवढे भडकलात! "मला आजारी पाडायला निघालीस व्हय?" त्याच हिवाळ्यात एका सकाळी तुम्ही पहिल्या शिफ्टला निघाला आहात. दाराशी बसून बुटाची नाडी बांधताय. हात मध्येच थांबतो. नाडी सुटते, तुम्ही ती पुन्हा धरायला जाता आणि ती तुम्हाला सापडत नाही. तोंड एका बाजूला ओढलं गेलेलं. दवाखान्यात डॉक्टर विचारतात, "प्रेशरची गोळी चालू होती ना?" आणि आई म्हणते, "न्हाई वो, ते फिट हायेत. कंपनीनंच सांगितलंय." तिच्या आवाजात तेव्हाही थोडा अभिमान होता.

आता मलाही गोळी आहे. मी रोज घेते, सकाळी दात घासले की लगेच. पहिल्या गोळीनं पाय सुजायला लागले, तेव्हा मनानं बंद केली नाही, डॉक्टरबाईंना पाय दाखवले. त्यांनी गोळी बदलून दिली. त्या म्हणाल्या, प्रेशर नॉर्मल येतंय ते गोळी चालू आहे म्हणून. सोडली की पुन्हा चढणार, आणि चढताना ते सांगून चढत नाही. हे सगळं मी धाकट्याला किती वेळा सांगितलं. त्यालाही प्रेशर आहे, तोही मेडिकलपुरतीच गोळी घेतो, आणि तोही क्रेनवरच आहे, अण्णा. खाली माणसं काम करत असतात.

आज पुन्हा बोलले. "अण्णांनाही काही होत नव्हतं," म्हटलं.

"अगं ताई, माझं डोकंसुद्धा दुखत नाही. आता पुढच्या मेडिकलला बघू. आज तरी लेक्चर नको, आनंदाचा दिवस आहे." असं म्हणत त्यानं आपली गोळ्यांची पट्टी उचलली आणि चहाच्या डब्यामागे सरकवली. ही जागा त्याला कुणी शिकवली? तुम्ही गेलात तेव्हा तो जेमतेम शाळेत जात होता.

मी पट्टी परत पुढे काढून ठेवली आहे. उद्या त्याची पहिली शिफ्ट, बूट दाराशीच आहेत. उद्या गोळी घेतल्याशिवाय त्याला उंबरा ओलांडू देणार नाही, असं ठरवलंय खरं. पण असं ठरवलेलं या घरात किती टिकतं, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. हा कागद मी घडी करून कपाटात टाकीन, दुसरीकडे कुठे धाडणार? एवढंच सांगायचं राहिलं: त्यानं जिलेबी माझ्या तोंडाशी धरली, आणि मी खाल्ली.