काठावर कोण उभं राहील

३ फेब्रुवारी, दुपार

लाडके खारूताई,

आत्याचे आशीर्वाद. आम्ही दोघं बहीणभाऊ जेवून, भांडून, पुन्हा जेवून मजेत आहोत. तूही मजेतच असशील असं धरून चालते, कारण तुझ्या पत्रात तब्येतीबद्दल एक ओळ नव्हती, नुसत्या दोरांच्या चौकशा होत्या. फोनवर बोलू म्हणतेस, तर नको. फोनवर तू 'हो हो' म्हणतेस आणि तिकडे दवाखान्यात कुणाचा तरी जबडा उघडा ठेवून आलेली असतेस. कागद कसा, भिंतीला चिकटवता येतो. अक्षर वाकडं आलंय तिकडे बघू नकोस, ताडपत्रीच्या गठ्ठ्यावर ठेवून लिहितेय.

तर आपली घळ. इतकी वर्षं तू ती वरून वाकून बघितलीस, आता मार्चअखेर उतरायचीच. माणसं चार. तू, मी, बेकरीवाले आणि त्यांचा तो अबोल मेहुणा. मेहुण्याची ही दुसरीच खेप, त्यामुळे त्याला मध्ये ठेवायचा. सुरुवातीचे छोटे टप्पे तुला माहीत आहेत, बसत, घसरत, उड्या मारत होतील. खरा प्रश्न मोठ्या धबधब्याचा.

वर एक अरुंद कपार आहे, तिथे खडकात कडी ठोकलेली आहे. कपारीत चौघं बसतील, पण मांडीला मांडी लावून. दोर दुहेरी घातला तर अर्ध्या कड्यावरच संपतो, म्हणून एकेरीच घालायचा आणि मागाहून तो ओढून घ्यायला सोबत बारीक दोरी. वरचा माणूस कडीपाशी ब्रेक अडकवून बसेल. खालचा कुठे अडकला, त्याने शिट्टी मारली, की ब्रेक उघडून दोर थोडा सोडायचा. सगळे उतरले की शेवटच्याने ही बांधणी मोडायची, दोर खालून ओढता येईल असा नव्यानं लावायचा आणि एकट्यानं उतरायचं. तिथे त्याला तपासायला दुसरं कुणी नसतं. ते काम नेहमीप्रमाणे माझं.

आता दोराचं टोक. कोरड्या कड्यावर टोकाला गाठ हवीच, म्हणजे दोर संपला तरी माणूस सुटत नाही. इथे मात्र खाली डोह आहे आणि अंगावर धबधबा. पाण्यात पडलीस आणि दोर अजून कमरेशी अडकलेला असला, तर तोच पायांत गुंडाळला जातो. म्हणून इथे गाठ नाही. टोक पाण्याला टेकेल इतकाच दोर सोडायचा. तो संपला की तू आपोआप पाण्यात. माझा सगळा जन्म ताडपत्र्या शिवत दोऱ्याच्या टोकाला गाठ मारण्यात गेला, त्यामुळे हे शिकायला मला फार वेळ लागला. शिकवायलाही कुणी नव्हतं, दोनदा नाकातोंडात पाणी गेलं तेव्हा शिकले.

नदीचं पुढच्या पत्रात. काठावर टॉवेल घेऊन तुझे बाबा असतीलच. दादाला मी परवाच म्हटलं, "तुझं बरं आहे, आम्ही जीव मुठीत घेऊन उतरायचं आणि तू काठावर उभा राहून विचारायचं, पाणी गार आहे का गं." तो म्हणाला, "मग, आहे का?" असा माणूस.

हो, एक गंमत. रविवारी जुन्या पाण्याच्या टाकीवर सराव केला. बेकरीवाले दोरावर मध्येच थांबले, शिट्टी मारली, आणि मी त्यांना बराच वेळ तसंच लोंबकळू दिलं. आता ते गिऱ्हाइकांना सांगत सुटलेत, "ताईंनी मला वाळत घातलं." दुकानात पाव घ्यायला गेले तर एक बाई मला विचारते, सुकले का हो ते.

दोर मी स्वतः हातभर हातभर तपासून ठेवते. तू नवे बूट घे, पैशाकडे बघू नकोस.

तुझी
आत्या


१९ फेब्रुवारी, सकाळी दुकान उघडायच्या आधी

खारूताई,

आशीर्वाद. तुझं पत्र आलं, बुटांचा फोटोही आला. रंग भडक आहे, म्हणजे चांगलाच आहे, पाण्यात दिसतो.

आधी नदी. डोहातून बाहेर पडलीस की घळीचा शेवटचा भाग पोहत जायचा, तिथे काही नाही, भिंती उंच आणि पाणी संथ. पुढे डाव्या हाताला खडकाचं नाक पुढे आलेलं आहे. ते ओलांडलं की तू नदीत. तिथे प्रवाह उजवीकडे ओढतो आणि पुढे पूल आहे. पुलाच्या खांबांना पुरात वाहून आलेल्या फांद्या अडकल्यात. त्यातून पाणी जातं, माणूस जात नाही. म्हणून नाक ओलांडल्या ओलांडल्या डावीकडे तिरकं पोहायचं आणि खड्यांच्या उतारावर लागायचं. थकलेलं माणूस तिथे प्रवाहाबरोबर जातं, कारण ते सोपं वाटतं. उतारावर कुणीतरी दोरी भरलेली पिशवी घेऊन उभं हवं, कुणी चुकलंच तर दोरीचं टोक हातात धरून ती त्याच्याकडे फेकायला. दादाला मी फेकायला शिकवतेय. काल त्याने ती स्वतःच्याच गाडीच्या टपावर फेकली.

आता एक छोटासा बदल. मोठ्या धबधब्यावर शेवटी तू उतर. मी पहिली जाते. गुडघा हल्ली कुरकुरतो, कपारीत फार वेळ बसवत नाही. शिवाय बेकरीवाले पाण्याला बिचकतात, त्यांना डोहात कुणीतरी धीर द्यायला हवं. आणि खरं सांगू, इतक्या वर्षांत धबधबा खालून बघायचं राहूनच गेलं, शेवटच्याला कधी बघायला मिळत नाही, त्याला दोर ओढायचा असतो.

तुला सगळं येतं. दिवाणखान्यात खुर्चीच्या पाठीला कडी समजून ती बांधणी मोड, पुन्हा लाव. डोळे झाकून जमेपर्यंत कर. लोकांच्या अक्कलदाढा उपटतेस, तुझी बोटं माझ्यापेक्षा कितीतरी हुशार.

अक्षराबद्दल विचारलंस. पेन खराब आहे. नवं आणते.

दादा आशीर्वाद सांगतो. सध्या त्याने मला चहा मोठ्या कानाच्या कपात द्यायचं काढलंय. विचारलं तर म्हणतो, बाकीचे कप घासायचे राहिलेत. कपाट भरून कप आहेत. असो.

आत्या


२ मार्च

माझे खारूताई,

हे अक्षर कुणाचं ते तू पहिल्या ओळीतच ओळखलं असशील. बोल माझे आहेत, हात तुझ्या बाबांचा. मी सांगतेय आणि तो लिहितोय, आणि प्रत्येक वाक्याला मान वर करून बघतोय.

तुझं पत्र दोनदा वाचलं. 'तू शेवटी नसशील तर मी येत नाही,' असं लिहिलंस. 'बेकरीवाल्यांना मी फोन केला, ते म्हणाले पाण्याला मी कधी बिचकलो, तळ्याकाठी वाढलोय मी.' त्यांचा नंबर तुझ्याकडे आहे हे मी विसरलेच होते. 'गुडघा कुरकुरतो तर दुकानाच्या माळ्यावर कशी चढतेस?' हेही. दातांची डॉक्टर झालीस, पण पकडतेस पोलिसासारखी.

तर ऐक. टाकीवरची गंमत ही गंमत नव्हती.

बेकरीवाल्यांनी शिट्टी मारली. मी ब्रेकची कडी उघडायला गेले आणि उजव्या हाताची बोटं हललीच नाहीत. म्हणजे मी म्हणत होते दाब, आणि बोटं आपली तशीच, दुसऱ्या कुणाची तरी असल्यासारखी. डाव्या हातात दोर धरलेला, तो सोडता येईना. खालून दुसरी शिट्टी आली. मग तिसरी. तेवढ्यात तुझे बाबा चहाचा थर्मास घेऊन जिना चढून वर आले. ज्या माणसाने उभ्या आयुष्यात दोराला हात लावला नाही, त्याने थर्मास खाली ठेवला, माझ्या बोटांवर आपली बोटं ठेवली आणि दाबली. कडी उघडली. बेकरीवाले खाली गेले आणि खालून ओरडले, "ताई, बदला कसला घेताय, पाव शिळा निघाला का?" मी वरून हसले. दादा हसला नाही. त्याने चहा ओतला, आणि कप माझ्या डाव्या हातात दिला.

(मला काही बोलायचं नव्हतं. तिने सांगायची वाट बघत होतो. – बाबा)

लिहू दिलं, आता माझं लिही.

डॉक्टरकडे जाऊन आले. जाड कापडातून सुई रेटून रेटून मनगटातली नस दबलीय म्हणतात. शस्त्रक्रिया करता येईल, बरी होईल, बहुतेक होईल. मार्चअखेरपर्यंत नाही. तुझ्यापासून लपवलं, कारण तू डॉक्टर आहेस, तोंडाची का असेना, तू लगेच म्हणाली असतीस, आत्या, थांब. मला थांबायचं नव्हतं. मला वाटलं, शेवटची जागा तुला दिली की झालं, मी पहिली उतरते, उतरायला एका हाताची पकड पुरते. मग एक दिवस दुकानात कात्री माझ्या हातातून सुटून पायाशी पडली, आणि मी कधी सोडली ते मला कळलंच नाही. कात्री आहे, वाजली म्हणून कळलं. दोर सुटताना वाजत नाही.

त्या दिवशी ठरवलं. मी उतरणार नाही. पहिली नाही, मधली नाही, शेवटची नाही.

आता तू म्हणशील, मग बेत रद्द. तर बेत रद्द नाही. माझ्या हातासाठी घळ का थांबवायची? तुला वाटतं वर आत्या बसलीय म्हणून तू सुखरूप उतरतेस. गेल्या वर्षी छोट्या धबधब्यावर बारीक दोरी कपारीत अडकली होती, आठवतं? ती कशी सोडवायची हे तू खालून ओरडून मला सांगितलंस. मी वर बसून तुझं ऐकलं फक्त. तुला तेव्हा कळलं नाही, मला कळलं होतं.

तीन माणसं पुरतात. पहिले बेकरीवाले, मग मेहुणा, शेवटी तू. मेहुण्याला उतरवण्याआधी त्याचा पट्टा तू ओढून बघ, त्याला विचारू नकोस, तो 'हूं' म्हणेल आणि पट्टा उघडा असेल. मग तू एकटी राहशील. तेव्हा काय करायचं ते मी कुणाला कधी सांगितलं नाही, कारण ऐकणारा हसला असता. मी मोठ्याने बोलते. प्रत्येक गोष्टीला हात लावून तिचं नाव घेते. कमरपट्टा. कडी. ब्रेक. दोर. हेल्मेट. आणि सगळ्यात शेवटी छातीला हात लावून म्हणते, आणि आत्या. तेवढं म्हटलं की कपारीत आपण एकट्या नसतो. तू तुझं नाव घे.

(हे मलाही आजच कळलं. – बाबा)

खाली आलीस की दोर संपेल. दचकू नकोस, तिथे तो संपायलाच हवा.

आता नदीचं. उतारावर मी असेन. गेले काही दिवस दुकानामागच्या अंगणात रिकामं पिंप ठेवून डाव्या हाताने पिशवी फेकतेय. आधी पिंप सोडून सगळ्याला लागत होती, एकदा तुझ्या बाबांना लागली. आता दहात आठदा पिंपात जाते. उरलेल्या दोनांसाठी अजून चार आठवडे आहेत. दादा पिशव्या उचलून आणतो आणि दर वेळी म्हणतो, "छोटे, पाणी गार आहे का गं?" इतकी वर्षं मी त्याला काठावरचा म्हणून हिणवलं. काठावर उभं राहून नुसतं बघायचं, कोण कुठे आहे कळत नाही, नाकापलीकडून हेल्मेट दिसेपर्यंत श्वास घ्यायचा नाही, आणि दिसल्यावर पाणी गार आहे का असं विचारायचं, म्हणजे आवाज कापला तर थंडीवर घालता येतो. हे त्याने मला इतक्या वर्षांत एकदाही सांगितलं नाही. पिशव्या उचलता उचलता काल सांगितलं.

(गार असतंच. मला माहीत असतं. – बाबा)

मी तांबडी ताडपत्री शिवून ठेवलीय, शेवटची शिलाई दादाने ओढली. ती उतारावर पसरून ठेवू. खडकाचं नाक ओलांडलंस की दुसरं काही बघू नकोस, पूल नाही, खांब नाही, बेकरीवाले काय ओरडताहेत ते नाही. डावीकडे तांबडं शोध आणि तिरकी पोह. तिथे दोन म्हातारी उभी असतील. ज्याच्याकडे टॉवेल, ते तुझे बाबा. जिच्याकडे पिशवी, ती मी.

येतेस की नाही ते एका ओळीत कळव. सही माझी मी करते, डाव्या हाताने. वाचता आली नाही तरी कुणाची ते कळेल.

तुझी वाट बघणारी,
काठावरची
आत्या