पत्र्याच्या झाकणातलं माणूस

दि. ३ मार्च

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

आज दहाला दुकान उघडलं. तीन गिऱ्हाइकं आली. तिघांनाही सांगितलं, की दुरुस्ती करणारी आता नाही, मी नुसता पावत्या लिहायचो. दोघं हळहळून परत गेली. तिसऱ्याने गडबडून स्वतःचा संगणक माझ्या हातात ठेवला, सांत्वन केलं आणि निघून गेला. त्याच्या मागे धावावं लागलं.

तुझ्या ताईच्या संगणकाचं विचारलं होतंस. ती गेल्यावर आठवड्याने तो बंद पडला, अजून तसाच आहे. काम करताना लिहायला तिचे हात मोकळे नसत, म्हणून ती बोलत जायची आणि संगणक तो आवाज टिपून ठेवायचा. शेवटच्या दिवसाचंही त्यात असणार. पण साठवणीची चिप बोर्डालाच जोडलेली. बोर्ड चालू झाल्याशिवाय काही ऐकता येणार नाही.

तिच्याच पद्धतीने बघतो आहे. बोर्डाला अगदी थोडी वीज द्यायची आणि उष्णता दाखवणारा कॅमेरा वर धरायचा. पडद्यावर थंड भाग निळा दिसतो, तापलेला पिवळा, मग पांढरा. बिघडलेला भाग आधी तापतो.

एक गोष्ट लिहू की नको असं झालं होतं. बोर्डावर पत्र्याचं एक चकचकीत झाकण आहे. पडद्यावर त्यात कुणीतरी दिसतं. डोकं आणि खांदे, पिवळसर. मागे वळून पाहिलं तर भिंत. चार दिवस रोज दिसतं आहे. भीती वाटत नाही. दुकान बंद करायला मात्र उशीर होतो.

प्रकृतीला जप. आमची आठवण असू दे.

भाऊजी

दि. ९ मार्च

ती. भाऊजींना धाकटीचा शि. सा. नमस्कार.

तुमचं पत्र वाचून रडले आणि मग हसायला आलं, रागावू नका. पूर्वी ताईशेजारी बसून मलाही ते माणूस दिसलं होतं आणि मी किंचाळले होते. ताई म्हणाली, की भूतबीत काही नाही, बये, तुझंच थोबाड आहे. चकचकीत पत्रा त्या कॅमेऱ्याला आरशासारखाच असतो, समोरच्याच्या अंगाची उष्णता परत दाखवतो. पत्र्याची खरी उष्णता दिसावी म्हणून ती त्यावर काळी चिकटपट्टी लावायची. तिच्या डाव्या खणात असेल. पावत्यांतून मान वर काढली असती तर तुम्हालाही दिसलं असतं.

भाऊजी, मला ते बोलणं ऐकायचंच आहे. ती जायच्या आधीच्या आठवड्यात मी तिला तोडून बोलले होते, की तुला माणसांपेक्षा यंत्रं प्यारी. शेवटच्या दिवशी दुपारी माफी मागायला दोनदा फोन केला. तिने उचलला नाही. संध्याकाळी तुमचा आला, ती गेल्याचा. ती माझ्यावर रागावून गेली का, एवढंच मला कळू दे. तेव्हापासून फोन वाजला की मी तो बंदच करते, म्हणून ही पत्रं.

वेळेवर जेवा. लोभ आहेच, तो राहू द्या.

धाकटी

दि. १४ मार्च

चि. धाकटीस आशीर्वाद.

पट्टी सापडली. तुझं बरोबर आहे. मी मान कलती केली की तेही करतं. पट्टी अजून लावलेली नाही. उद्या लावतो असं रोज ठरवतो. तेवढं समजून घे.

भाऊजी

दि. १९ मार्च

ती. भाऊजींना नमस्कार.

समजून घेतलं. पण तुम्हाला तिथे बसून कुणीतरी दिसतं तरी. मला इथे दोन न उचललेले फोन आहेत, दुसरं काही नाही. लावा ती पट्टी. माझ्यावरची माया कमी करू नका.

धाकटी

दि. २३ मार्च

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

आज सकाळी पट्टी लावली. झाकण निळं झालं, त्यात कुणी राहिलं नाही. मग बराच वेळ सगळा बोर्ड निळाच. शेवटी कडेला तांदळाच्या दाण्याएवढा एक कपॅसिटर आधी पिवळा आणि मग पांढरा झाला. गरम हवेने तो उचलून काढला. तसला एखादा नसला तरी बोर्ड चालतो. संगणक सुरू झाला.

शेवटच्या दिवसाचं ऐकलं. बराचसा भाग कामाचाच आहे. मग फोन वाजतो, थांबतो, पुन्हा वाजतो. ती मला सांगते, की धाकटीचा आहे, माझे हात गुंतलेत, तिला फोन करून सांगा, संध्याकाळी निवांत बोलू. पुढे म्हणते, रुसून बसली असेल वेडी. मी कसली रागावते, खरं तेच बोलली ती.

त्यानंतर माझा आवाज आहे. हो, सांगतो, असं मी म्हणतो. तेवढ्यात गिऱ्हाईक येतं आणि मी पावतीसाठी नाव विचारतो.

मी तुला सांगितलं नाही. पाचच्या सुमारास ती गेली, आणि निरोप माझ्याकडेच राहिला. दोन महिने तू जे सोसलंस ते माझ्यामुळे. विसरलो होतो, ही सबब नाही. अजूनही आठवत नाही, नुसतं ऐकू येतं. तीन वेळा ऐकलं.

तिचा निरोप आज देतो. ती रागावलेली नव्हती.

पेनड्राइव्हवर उतरवून सोबत पाठवतो आहे. माझा आवाज कापून टाकता आला असता, तो ठेवला आहे. यानंतर माझ्यावर लोभ ठेवायचा की नाही, हे तुझ्याकडे. मी मागू शकत नाही.

दुपारचे साडेतीन झालेत. शटर अर्धं ओढलं आहे. आता डबा उघडून जेवतो.

भाऊजी