वरची मेणबत्ती

स्लिवना,
मंगळवार, ८ ऑक्टोबर २०२४

प्रिय मेतोदीदादा,

ट्रिएस्टला तू सुखरूप असशील असं धरून चालते. उन्हाळ्यात सोफियाला मला तुझी चिठ्ठी आली, 'आई आहे का? एवढंच कळव.' मीही 'आहे' एवढंच कळवलं. आठ दिवसांपूर्वी सोफियाहून इथे तिच्याजवळ आले, तेव्हा आता सविस्तर लिहिते.

गावात अकरा घरांतून धूर निघतो. शाळेत मधमाश्यांच्या पेट्या ठेवल्यात. सीमेवरचा तो नांगरलेला पट्टा आठवतो? पाऊल उमटलं की शिपाई धावत यायचे. आता तिथे जंगली आलुबुखार माजलंय. नको तिथे नाक खुपसायची माझी सवय तुला ठाऊक आहेच. तू नेमका कुठून गेलास ते बघायचं होतं, म्हणून शुक्रवारी टेकडी चढले. पलीकडच्या उतारावर एक सर्बियन बाई मिरच्या वाळत घालत होती.

"कुणाची गं तू?" तिने तिथूनच विचारलं.

"खालच्या स्तोयनाची."

"जेवलीस?"

"केव्हाच."

"तुमचं बरंय बाई. घड्याळ तासभर पुढे. आमचं अजून चुलीवरच आहे."

लहानपणी मला वाटायचं, टेकडीपलीकडे जग संपतं. तिथे मिरच्या वाळतात हे बघून मला उगीच हसू आलं.

आता फाटकाबद्दल सांगते. त्यावर चिकटवलेल्या बाबांच्या निधनाच्या कागदाशेजारी तुझाही तसाच कागद आहे. फोटोत तू वीस वर्षांचा, खाली 'नदीने नेला'. दरवर्षी संत पेत्काच्या सणाला, ज्या दिवशी तू गेलास त्या दिवशी, आई तालुक्याहून नवा कागद छापून आणते आणि पिठाची खळ शिजवून चिकटवते. जत्रेला आलेली माणसं क्षणभर टोपी काढतात. येत्या सोमवारी त्रेचाळीस वर्षं होतील.

परवा, रविवारी, पाद्री आले होते. मी आईला हाताला धरून देवळात नेलं. बाबांची मेणबत्ती तिने खाली वाळूत लावली, मेलेल्यांच्यात. मग वर, जिवंतांच्या जागी, दोन लावल्या. एक माझी. दुसरी कुणाची, हे मला काही कळेना. घरी येईपर्यंत दम धरला आणि फाटकाशीच विचारलं.

"दुसरी कुणाची, आई?"

"कुणाची म्हणजे? त्या गाढवाची."

"त्याचा कागद तर इथे लावलायस."

"तो शिपायांसाठी. मुलगा पळाला म्हटलं असतं तर तुझ्या बापाची रेल्वेतली नोकरी टिकली असती का? शिपाई गेले, पण गावाला एकदा सांगितलेलं कसं फिरवू? देवाशी कशाला खोटं बोलू?"

"तुला कसं कळलं की तो जिवंत आहे?"

"चांगले बूट नेले होते त्याने. नदीत उतरताना कुणी चांगले बूट घालतं का?"

दादा, मी तिथेच पायरीवर बसले. कारण ती नुसत्या बुटांच्या भरवशावर इतकी वर्षं तुझी मेणबत्ती वर लावत होती, आणि तू जिवंत आहेस हे मला पक्कं माहीत होतं.

एक्क्याण्णव साली तू आईला पत्र लिहिलंस. मी सुट्टीला आले होते. पोस्टमनने ते तुझ्याच कागदाखाली उभं राहून माझ्या हातात दिलं. मी उघडलं. तू भट्टीवर पाव भाजतोस, आईने नुसतं 'ये' म्हटलं तर येशील, असं लिहिलं होतंस. मला इतका राग आला! दहा वर्षं मी तुझ्यासाठी रडत होते आणि तू तिकडे पाव भाजत होतास. पत्र मी माझ्या पेटीत टाकलं. पुढे राग गेला, पण तोवर लाज आली, आणि लाजेचं वय दरवर्षी एका वर्षाने वाढतच गेलं. आईने तुला उत्तर दिलं नाही असं तू समजलास. आईपर्यंत ते पोचलंच नव्हतं. माझ्यामुळे.

ते पत्र मी या खेपेला बरोबर आणलं होतं. काढायचा धीर होत नव्हता. रविवारी दुपारी तिला वाचून दाखवलं. दोनदा. संध्याकाळी सूप पुढे सरकवत ती म्हणाली, "मीठ कमी आहे, घालून घे." मग पाव मोडता मोडता, "पाव चांगला भाजतो का गं तो?"

काल नवा कागद छापायला तालुक्याला जायचा तिचा दिवस होता. गेली नाही. खळीचं भांडं घासून पालथं घातलंय. मी म्हटलं, जुना कागद खरवडून टाकते. तिने माझा हात धरला.

"तू नको. ज्याचा आहे त्याने येऊन काढावा."

सोमवार गाठता आला नाही तरी चालेल, पण आई पंच्याऐंशीची आहे. सीमेवर आता नुसता पासपोर्ट बघतात. खरवडायचा चाकू तिने फाटकामागच्या खिळ्याला अडकवून ठेवलाय. आणि तेहतीस वर्षांपूर्वी जे उत्तर यायला हवं होतं, ते तिने मला आज लिहायला सांगितलंय: ये.

तुझं पत्र दडवणारी,
तुझी धाकटी
स्नेझा