जड हात

४ मार्च, मंगळवार

दादा आला!

कुणाला सांगू, म्हणून इथेच लिहिते. दादा आला! तीन वर्षांनी! सकाळी बेल वाजली तेव्हा वाटलं, कुणाची तरी दाढ ठणकतेय आणि खालचा दवाखाना उघडायची वाट न बघता पेशंट थेट वर घरात आलाय. दार उघडते तर दादा. दोन जिने चढून धापा टाकत उभा. "बुटके, आधी पाणी दे." जसा काही परवाच येऊन गेला होता!

तीन वर्षांपूर्वी शाईची जुनी पेनं जमवणाऱ्यांच्या मेळाव्यात मी सगळ्यांदेखत बोलून बसले होते — "दादा, तुझ्या या पेनाची निब मूळची नाही, बदललेली आहे." खरं तेच बोलले. पण तो तिथला सगळ्यांत जुना माणूस, पेनांवर भाषणं देणारा, आणि मी त्याची धाकटी बहीण. "कानामागून आली आणि तिखट झाली" असं म्हणून जो उठला तो उठलाच. फोन बंद, येणं बंद. आई गेली तेव्हासुद्धा आमचं बोलणं वहिनींमार्फत.

आणि आज स्वतः आला, तेही ते काळं पेन घेऊन! मेळाव्यातलं नव्हे, हे दुसरं. त्याच्या संग्रहातलं सगळ्यांत मऊ निबेचं. याला मला कधी बोट लावू दिलं नव्हतं. "तुझा हात जड. दात उपटणारा हात तो!" हे पालुपद. आज म्हणाला, "पंधरा दिवस ठेव तुझ्याकडे. धू, पूस, मनसोक्त लिही. पेन लिहायलाच असतं."

मी म्हटलं, एकदा तू लिहून दाखव ना. तर म्हणे, "नको, खाली गाडी आडवी लावलीय." चहाही अर्धाच टाकून गेला.

असू दे. आला ना!

५ मार्च

हात पेशंटच्या तोंडात आणि डोकं पेनात. वरच्या दाढेऐवजी खालच्या दाढेला सुई टोचणार होते. सिस्टरने डोळे वटारले म्हणून पेशंट वाचला, मीही वाचले.

७ मार्च, शुक्रवार

धुतलं. तीन पाणी निळं निघालं, चौथं स्वच्छ. मग शाई भरली आणि बसले.

काय निब आहे! हलका हात ठेवला की केसाएवढी रेघ. जरा दाबलं की सोन्याची दोन टोकं फाकतात आणि रेघ भरत जाते, सोडलं की पुन्हा केस. शिरोरेघ आडवी, बारीक ओढायची आणि काना उतरताना जीव ओतायचा. वेलांटी वर जाताना नुसती सावली, खाली येताना ठसठशीत. पानभर "की की की" लिहिलं. नवरा मागून वाचून गेला. "की काय?" म्हणाला.

त्याला हे वेड कळत नाही. "घरात चाळीस पेनं आणि कुरियरवाला आला की ओरडतेस, अरे, पेन दे!" त्याचं चूक नाही. ही पेनं कुरियरवाल्याच्या हातात देतं का कुणी?

दादा वर्णन करायचा त्याहूनही मऊ आहे. मला वाटलं होतं बराच जोर लागेल. लागतच नाही, नुसत्या विचाराने उघडते. भिंग लावून बघायचा मोह झाला, पण नाही बघितलं. फुकटच्या गायीचे दात मोजू नयेत — दातांची डॉक्टर असले म्हणून काय झालं!

संध्याकाळी दादाचा फोन. "लिहितेस ना? कशी चालते?" मी अर्धा तास बोलत होते. तो ऐकत होता. किती वर्षांनी माझं नुसतं ऐकलं त्याने.

९ मार्च, रविवार

मोडलं.

१० मार्च

हे बॉलपेनने लिहितेय. काल हात चालेना.

'ज्ञ' काढत होते. मोठा, अर्ध्या पानाचा. शेवटचा काना राहिला होता. आतापर्यंत झाली त्याहून थोडी जाड रेघ होते का, बघू म्हटलं. थोडीच! हाच आमच्या लोकांचा रोग — अजून थोडं उघडते का बघू. काना अर्ध्यात आला आणि मधली शाई गेली. आगगाडीच्या रुळांसारख्या दोन बाजूंना दोन रेघा, मध्ये कोरं. हात उचलला तर टपकन डाग पडला.

दवाखान्यात जाऊन भिंगाचा चष्मा चढवला. निबेच्या मधल्या भोकापासून डाव्या कडेपर्यंत भेग. दाताला चीर आहे का बघायला मी टोकदार सळई फिरवते ना, तीच फिरवली. अडकली. दुसऱ्यांदा फिरवली. त्याच जागी अडकली. पेशंटला मी अशा वेळी शांतपणे सांगते, "चीर गेलीय, दात वाचणार नाही." स्वतःला सांगवेना.

तेव्हा आवाज झाला होता का? बारीक 'टिच्' असा? झालाच असणार. आठवत नाही. आता आठवतोय असं वाटतंय.

हात दाखवून अवलक्षण! चाळीस वर्षं तो म्हणतोय, तुझा हात जड. आणि मी पाच दिवसांत सिद्ध करून दाखवलं.

१२ मार्च

जेवण जात नाही. नवऱ्याला सांगितलं, आम्लपित्त.

डोक्यात काय काय येतंय ते इथे लिहून टाकते, दुसरीकडे कुठे बोलायची सोय नाही. एक — टोपण लावावं, डबीत घालावं, परत द्यावं. न दाबता लिहिलं तर भेग दिसत नाही. तेवीस तारखेला मेळावा आहे. तिथे तो सगळ्यांसमोर याच पेनाने लिहून दाखवणार आहे. त्याच्या हातात मोडेल, त्याला वाटेल त्याच्याच हातून गेलं. असला विचार मला सुचला! मला!

दोन — अशीच दुसरी निब मिळवून बसवून टाकावी. म्हणजे ज्या गोष्टीवरून मी त्याला चार लोकांत खाली पाहायला लावलं, तीच आता मी करायची.

कुठलंच जमणार नाही. आणि सांगायचंही जमत नाही. पेनाचं दुःख आहेच, पण मला भाऊ परत मिळाला होता. जेमतेम पाच दिवस.

१३ मार्च

दादाचा फोन. "निब कशी आहे?" म्हटलं, छान. "जोर लावून बघितलास का? लाव की. घाबरू नकोस." जन्मात कधी असं बोलला नाही. इतका मोकळा झालाय माझ्याशी, आणि मी फोनवर गोड गोड खोटं बोलतेय.

बाथरूममध्ये नळ सोडून रडले.

१५ मार्च, शनिवार

नवऱ्याला कळलं. डबी उघडी राहिली होती. मी बोलायच्या आत माझ्या तोंडाकडे बघूनच म्हणाला, "हे आम्लपित्त होय?"

आधी म्हणाला, "अगं, पेन आहे, किडनी नाही." त्यावर मी जी भांडले! तुला काय कळतं, तुला भाऊ नाही, तुला काही जपायचं नसतं. वाटेल ते बोलले. त्याने ऐकून घेतलं. मग भांडी विसळता विसळता म्हणाला, "सांगून टाक. तीन वर्षांपूर्वी खरं बोललीस म्हणून रुसला. खोटं बोलून राहील असं वाटतं तुला?"

उद्या जाते.

१६ मार्च, रविवार

सांगितलं.

बसमध्ये वाक्य पाठ केलं होतं. दारात पोचेपर्यंत विसरले. दादा बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होता. वहिनी भाजी निवडत होत्या. मी उभ्याउभ्याच म्हटलं, "दादा, तुझं पेन माझ्या हातून गेलं. निबेला चीर गेली." आणि डबी त्याच्यासमोर ठेवली.

मला वाटलं होतं, ओरडेल. निदान उघडून बघेल, कुठे चीर, केवढी, कशी गेली विचारेल. माणूस निबेवर तासभर बोलतो एरवी! काही नाही. पेपराची घडी घातली, घसा खाकरला. "व्हायचं ते झालं. हात जड तुझा, लहानपणापासूनच. माझंच चुकलं, द्यायला नको होतं."

मी हमसून हमसून रडले. तो उठला आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. म्हणाला, "वेडी आहेस का? पेनापेक्षा बहीण मोठी." हे वाक्य त्याने म्हटलं. जसंच्या तसं लिहून ठेवतेय.

वहिनी आत गेल्या होत्या. निघताना जिन्यापर्यंत आल्या. "तू मनाला लावून घेऊ नकोस," म्हणाल्या. दोन पायऱ्या उतरले तर पुन्हा, "खरंच, नको लावून घेऊस." त्यांचेही डोळे भरले होते. माझ्यासाठी कुणाला रडू येईल असं मला वाटलं नव्हतं.

पेन त्याने घेतलं नाही. "तुझ्याकडेच ठेव. मला बघवत नाही."

घरी येऊन जेवले. पोटभर.

१८ मार्च

दादाचा फोन. मेळाव्यात दाखवायला त्याच्याकडे तसं मऊ पेन नाही. "तुझं मोरपंखी देतेस का?" माझं मोरपंखी! अख्ख्या संग्रहात ज्याच्यावर माझा जीव आहे ते. तरी म्हटलं, नेऊन देते.

एवढंही करू नये?

२३ मार्च, रविवार

मेळावा झाला.

दादा व्यासपीठावर, मी तिसऱ्या रांगेत. मोरपंखीने त्याने काय सुंदर लिहिलं! पडद्यावर मोठं दिसत होतं — प्रत्येक काना सारखा, एकही रूळ नाही. माझ्या पेनातून असं निघतं हे मलाच माहीत नव्हतं. ऊर भरून आला.

मग कुणीतरी विचारलं, तुमचं ते काळं कुठाय? दादा हसला. घसा खाकरला. "आमच्या धाकट्या भगिनी दातांच्या डॉक्टर. पेन तपासायला दिलं, त्यांनी उपटूनच ठेवलं!" सगळी खोली हसली. लोक वळून वळून बघत होते. मीही हसले, दुसरं काय करणार? पुढे दादाचं ठरलेलं भाषण — निबेला कधी जबरदस्ती करू नये, तिची मर्यादा आपल्या हाताला कळली पाहिजे, मला एवढी वर्षं झाली, एक निब मोडली नाही माझ्या हातून. टाळ्या.

चहाच्या वेळी एक ओळखीची बाई कुजबुजली, "बरं झालं बाई, तुझ्या भावाने समजून घेतलं. दुसरा असता तर तोंड बघितलं नसतं."

खरंच आहे. तरी परत येताना बसमध्ये कान गरम होते. मोरपंखी दादाच्या खिशात राहिलं. त्याला आठवण नसेल. मी मागितलं नाही.

२४ मार्च

येत्या रविवारी जेवायला बोलावलंय, दोघांना. वहिनींचा फोन नव्हता, दादाचा स्वतःचा! नवरा म्हणतो, "उपटून ठेवलं" हे त्याला आवडलं नाही. मी म्हटलं, भावाने बहिणीची थट्टा नाही करायची तर कुणाची?

एक विचार आलाय. ते काळं पेन दुरुस्त करून घ्यायचं आणि रविवारी ताटाशेजारी ठेवायचं. सोन्याच्या निबेला जोड देणारा एक कारागीर आहे, घड्याळवाल्यांच्या गल्लीत, सिस्टरच्या ओळखीचा. मी कधी गेले नाही. शुक्रवारी दुपारी दवाखाना बंद ठेवते.

दादाला आत्ता काही सांगायचं नाही. त्याचं तोंड बघायचंय मला!

२८ मार्च, शुक्रवार

कारागिराने डबी उघडली. डोळ्याला भिंगसुद्धा लावलं नाही.

"हे परत आणलंत होय? ताई, मी तेव्हाच सांगितलं होतं, ही चीर जोड धरायची नाही."

मी म्हटलं, मी तर आजच पहिल्यांदा येतेय.

"तुम्ही नाही हो. फेब्रुवारीत आले होते ते. उंच, पांढरी दाढी, सारखा घसा खाकरतात. त्यांच्या हातून दाबताना गेली, म्हणाले. कुणाला बोलू नका म्हणाले. तुम्ही घरच्याच ना?"

हो म्हटलं. घरचीच.

पेनाचं काही नाही. पेनं मोडतात. पण मी त्या दिवशी इथे लिहिलंय, उद्गारचिन्हं घालघालून — दादा आला, दादा आला.

तो आलाच नव्हता.