हाक मारली की ओ देईन

प्रिय सम्यक,

तुला एक आजी आहे. छावणीत राहते, लीलाबाई म्हणतात तिला. आठवतंय का काही? चौदा एप्रिलच्या जयंतीला आलास, तासभर टेकलास, अन् पुढच्या खेपेला सोलापूरची शेंगाची चटणी आणतो म्हणून गेलास. चटणीची वाट बघता बघता माझा एक दात पडला. आता राहिलेत त्यांच्यावर तरी दया कर.

हे पत्र मी सांगतेय अन् शेजारची कडूबाई लिहितेय. अंगणवाडीतून रिटायर झाली तरी बाईंची शिस्त गेली नाय. मी ‘नाय’ म्हणते, ती ‘नाही’ लिहायला बघते; त्यावरून आत्ताच एक भांडण झालं अन् मी जिंकले. फोन का नाय केला म्हणशील, तर फोनवर तू ‘हां आजी, हां आजी’ करून मोकळा होतोस. कागदाला हां म्हणून भागत नाय.

तर माझ्या काळजाची एक झडप आखडलीय. जिना चढले की दम लागतो, परवा मोरीत भोवळ आली. पुढच्या गुरुवारी मांडीच्या नसेतून तार घालून आत नवी झडप बसवणार. छाती फाडायची नाय. झडपेचं भ्या मला नव्हतं रे, भ्या होतं ते भुलीचं. अठ्ठ्याहत्तर वर्षांत मी एक अक्षर शिकले नाय. कुणाचं बाळ कधी जन्मलं, ओव्या, पाचोडच्या बाजारात कुठली बाई खरं तूप विकते, सगळं डोक्यात. तुमचं वहीत असतं, मोबाईलमध्ये असतं. माझं डोकं पुसलं तर मागं कोरी पाटीसुद्धा उरत नाय.

भूल देणारी डॉक्टर विशाखा म्हणून आहे, पोरीसारखी पोर. तिनं विचारलं, आजी, रोजच्या गोळ्या कुठल्या? तुझा बाप मधेच बोलला, बीपीची सोडून आई काही घेत नाही. रामकिसनला वाटतं आईचं सगळं त्याला ठाऊक. खरं म्हणजे तुझा आजा गेल्यापासून मी रोज झोपेची अर्धी गोळी खाते, तांदळाच्या डब्यात लपवून. म्हातारी गोळीशिवाय झोपत नाय हे सुनेला कळलं तर काय इज्जत राहील? पण त्या पोरीनं रामकिसनला कागद आणायला बाहेर धाडलं, माझ्याजवळ स्टूल ओढलं अन् परत तेच विचारलं. मग मी सांगून टाकलं. ती रागावली नाय. म्हणाली, बरं झालं बोललात, लपवलं असतं तर माझं माप चुकलं असतं. आता आपल्या मनानं ती बंदही करू नका, मी सांगते तसं करायचं.

मग तिनं समजावलं. एक रीत अशी की पुरतं झोपवायचं, घशात नळी घालायची. दुसरीत मांडी बधिर करायची अन् हलकीशी गुंगी द्यायची. श्वास आपला आपण घ्यायचा, हाक मारली की ओ द्यायची. माझं वय, चुलीच्या धुरानं खाल्लेली छाती अन् ही गोळी, सगळं बघून तिनं दुसरी धरली. पण पुरत्या भुलीची तयारी बाजूला राहील, गरज पडली तर देईन म्हणाली. डोकं शंभर टक्के जागेवर राहील असा शब्द मात्र तिनं दिला नाय. या वयात दोन-चार दिवस भ्रम होऊ शकतो, बहुतेकांचा उतरतो. जागं झाल्यावर चष्मा डोळ्यावर, ऐकायचं मशीन कानात अन् घरचं माणूस समोर पाहिजे, म्हणाली.

तेव्हा मला ते सगळं दिसलं, सम्यक. पाच वर्षांमागं तुझ्या आज्याचं आतड्याचं ऑपरेशन झालं. त्याला पुरती भूल द्यावीच लागली. दुसऱ्या दिवशी तू त्याचं घड्याळ त्याच्या मनगटावर बांधायला वाकलास. त्याच्या डोळ्यावर चष्मा नाय, कानात मशीन नाय. तो ‘चोर, चोर’ ओरडला अन् भरल्या वॉर्डात तुझ्या मुस्काटात मारली. ज्या पोराला खांद्यावर बसवून सारी छावणी हिंडवली, त्याला. तू घड्याळ उशाशी ठेवलंस अन् गेलास. सोलापूरची नोकरी धरलीस, तो असेपर्यंत फिरकला नायस, अन् पुढं घर तुला तासाभराचं झालं.

तुला कुणी सांगितलं नाय ते आज सांगते. चौथ्या दिवशी आजा भानावर आला. पहिला शब्द, सम्यक कुठंय? मारलेलं त्याला काहीच आठवत नव्हतं, अन् मी सांगितलं नाय. पुढं दोन वर्षं जगला, दारात पाऊल वाजलं की तुझं नाव घ्यायचा. मी म्हणायची, ड्युटीवर आहे. तुला कळवलं नाय, कारण मी रुसले होते. एका थपडेला म्हातारा टाकला म्हणून. झोपेच्या गोळीसारखंच तेही लपवलं मी, अन् माप चुकलं. चूक तुझी एकट्याची नाय.

म्हणून हे पत्र. गुरुवारी तू ये. रामकिसन बाहेर कागद सांभाळील. माझ्या समोर तू बस. मला चष्मा लाव, मशीन माझ्या कानात घाल अन् हाक मार. मी ओ देईन. अन् समजा नाय दिली, तुला ओळखलंच नाय, चोर म्हणाले, हात उगारला, तरी जाऊ नको. तो हात माझा नसंल. दोन दिवस बस, चार दिवस बस, हे पत्र मला वाचून दाखव. माझं जे डोक्यात होतं, त्यातलं एवढं तरी आता कागदावर आहे.

अन् चटणी कुरिअरनं धाडू नको, हातानं आण. मीठ कमी, डॉक्टरनं सांगितलंय; तिखटाचं ती काही बोलली नाय. बारीक कुटून आण, दातांचा हिशेब वर दिलाच आहे.

तुझीच,
आजी
(अंगठा माझा, अक्षर कडूबाईचं)